तीन बोटांची मूठ

१

मी चौकशा करते, हे खरं आहे. कुणाकडे पाहुणा किती दिवस राहिला, लिफ्टमध्ये कोण कुणाशी बोलत नाही, हे मला ठाऊक असतं. पोरं माघारी मला कॅमेरा काकू म्हणतात. म्हणू देत. पण चऱ्होलीच्या आमच्या या सोसायटीत चौथ्या मजल्यावर कुणाला ताप आला तर पहिली पेज माझ्याच घरातून जाते, हेही त्यांनी सांगावं.

आमचा फ्लॅट चारशे दोन, चारशे एक दौलतरावांचा. माझ्या स्वयंपाकघराची भिंत आणि त्यांच्या हॉलची भिंत एकच. भिंत पातळ. बिल्डरनं कशात कशात वाचवलं ते देव जाणे.

दौलतराव चाकणकडच्या गावातले. वीस वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते, नुसत्या बोटानं केसाएवढा फरक सांगायचे. मग जमीन एमआयडीसीत गेली, नोकरी सोडली, इकडे राहायला आले. मुलगा स्वराज जर्मनीला. घरात ते आणि दुर्गाबाई, दोघंच. दौलतरावांच्या गळ्यात माळ, हळू आवाज. बारा वर्षांत त्या घरातून मी भांडण म्हणून ऐकलं नव्हतं, आणि ऐकण्यात मी काही कसर ठेवलेली नाही.

गावाकडे त्यांचा दीड एकराचा तुकडा उरला होता. त्यावर जयसिंग नावाच्या एका प्लॉटिंगवाल्याचा डोळा. त्यानं दोनदा दौलतरावांची गाडी रस्त्यात अडवली. दुसऱ्या वेळी काच फोडली. त्यानंतर दौलतरावांनी रिव्हॉल्व्हरच्या लायसनचा अर्ज केला, आणि बऱ्याच हेलपाट्यांनी ते मिळालं.

लायसन मिळालं की लोक पहिल्या दुकानात दिसेल ते घेतात आणि लग्नात कमरेला लावून मिरवतात. दौलतरावांचं तसं नव्हतं. ते शोधायला लागले. पुण्यातली दुकानं झाली, नाशिक झालं, नागपूर झालं. परत आले की मी चहा घेऊन दारात हजर.

"वहिनी, सरकारी कारखान्याची चार बघितली. चाप ओढायचा म्हंजे हापशाचा दांडा हापसल्यागत."

"मग हलका घ्या की," मी म्हणाले, जशी काही वांगीच निवडायचीत.

"हलका न्हाई, गुळगुळीत पाहिजे. डबल ॲक्शनचं गणित असं हाय, घोडा हातानं मागं ओढावा लागत न्हाई. चाप ओढला की त्योच घोडा उचलतो, त्योच गोळ्यांचं चक्कर फिरवतो, त्योच घोडा सोडतो. समदं एका बोटात. मदी कुठं अडखळलं, तर माणूस इचार करतो."

"केला विचार तर काय बिघडलं?"

ते हसले. "बिघडत न्हाई. पर मग हत्यार चांगलं न्हाई म्हणायचं."

आतून दुर्गाबाई ओरडल्या, "मला बघायला आला तवा ह्यानं चहा संपायच्या आत होकार दिला! आन् ह्या बयेला दीड वरीस बघतोय!"

२

शेवटी सातारच्या बाजूला एका घरात मिळालं. कारखान्यातलं नव्हे, कुणा कारागिरानं एकाच गिऱ्हाइकासाठी हातानं घडवलेलं. कागदपत्रं चोख, लायसनवर चढवलेलं. विकणाऱ्या बाईनं चहासुद्धा विचारला नाही म्हणे. सह्या झाल्या तशी तिनं दार लावलं आणि आतून काहीतरी जड ओढून दाराला टेकवल्याचा आवाज आला. दौलतराव हे हसत सांगत होते.

मला दाखवायला टॉवेलात गुंडाळून आणलं. काळसर निळं, कुठे ओरखडा नाही. त्यांनी ते उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि भिंतीकडे धरून चाप ओढला. आवाज कसा सांगू? कुणीतरी सावकाश आवंढा गिळावा आणि गिळून झाल्यावर जिभेनं टाळ्याला टक् करावं, तसा.

"लोणी," दौलतराव म्हणाले. डोळ्यात पाणी आलं होतं त्यांच्या.

खोट एकच होती. लाकडी मूठ विचित्र होती. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, यांना जागा बरोबर. पण शेवटच्या दोन बोटांच्या जागी लाकूड भरीव सोडलेलं. धरायचं तर ती दोन बोटं तळव्यात मुडपून घ्यावी लागत. घडवून घेणाऱ्याला ती बोटं नसणार. आमच्या या पट्ट्यात असे हात नवीन नाहीत. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारी माणसं घरोघरी आहेत, माझ्या धाकट्या दिराचीच दीड बोटं गेलीत.

"मूठ बदलून घेतो," दौलतराव म्हणाले. "आळंदीत आबाजी हाय, वीणा करणारा. लाकडात त्याचा हात धरणारं कुणी न्हाई."

नुसती मूठ सोडवून ते आबाजीकडे गेले आणि तासाभरात तीच मूठ घेऊन परत आले.

"काय झालं?"

"येडं झालंय म्हातारं. माझा हात धरला, मूठ लावून बघितली, आन् म्हणतंय, नवी कशाला करता, ही तुमच्याच मापाची हाय."

आम्ही तिघंही हसलो. दौलतरावांनी माझ्या हातातून चहाचा कप घेतला. मी बघत होते, म्हणून दिसलं. कपाचा कान तीन बोटांत धरला होता. उरलेली दोन तळव्यात घट्ट मुडपलेली होती.

३

रोज दुपारी तीनच्या सुमाराला आवाज यायचा. आमचे हे, निरंजन, पहिल्या शिफ्टवरून येऊन, जेवून झोपलेले असायचे आणि मी ओट्यापाशी. भिंतीतून आवंढा, मग टक्. थोडं थांबून पुन्हा. दौलतराव रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर बोट बसवतायत, हे मला माहीत होतं. पेटी शिकणारा सूर घोटतो, तसंच.

"सवतीपाशी बसलाय," दुर्गाबाई जिन्यात म्हणायच्या. सुरुवातीला हसून म्हणायच्या.

मग महापालिकेची निवडणूक लागली. आचारसंहिता आली की लायसनवाल्यांना आपापलं हत्यार चौकीत जमा करावं लागतं. त्याची पावती मिळते आणि सगळं उरकलं की पावती दाखवून वस्तू परत आणायची. दौलतराव नियमाचे पक्के. पहिल्याच दिवशी गेले, सील करून, पावती घेऊन आले.

त्या दुपारी भिंत गप्प होती. मला बरं वाटलं. इतके दिवस कानाला त्रास होत होता, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते. तीन वाजले. आवंढा, आणि टक्.

मी हातातली जुडी खाली ठेवली. म्हटलं, नळ असेल. पुन्हा आलं. म्हटलं, टीव्हीवर काही असेल. मग स्टीलचा पेला भिंतीला लावला आणि कान त्याला. टीव्ही नव्हता. नळ नव्हता. आवंढा, टक्. आवंढा, टक्.

वाटीत शेंगदाण्याची चटणी घातली आणि गेले. चटणी कधीही चालते.

४

दौलतराव सोफ्यावर होते. उजव्या हातावर पंचा टाकलेला. समोर टीव्ही बंद.

"या वहिनी," म्हणाले, नेहमीसारखेच.

दुर्गाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. मी वाटी पुढे केली तेव्हा वळल्या. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत निळं होतं.

"कपाट लागलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग माझा दंड धरून कानाशी आल्या. "अनिता, तुला बी ऐकू येतंय व्हय?"

"काय?"

"खोटं बोलू नकोस. तू भिंतीला कान लावून असतीस, मला ठावं हाय."

मी मान हलवली.

"त्यानं न्हाई मारलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्यो झोपला व्हता. दुपारचा, घोरत व्हता. हात जागा व्हता."

असं ऐकल्यावर माणसानं काय बोलायचं? मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा, झोपेत हातपाय मारायचा आजार असतो, आमच्या बीडच्या मामांना होता. हे खरं होतं, मामांना होता. असं बोलतच बाहेर आले. दौलतराव मला निरोप द्यायला उठले आणि पंचा घसरला.

हात रिकामा होता. अंगठा वर, पहिलं बोट पुढे, दोन बोटं आत मुडपलेली. पहिलं बोट सावकाश वाकत होतं. ते पुरतं वाकलं, आणि आवाज झाला.

दौलतरावांनी चटकन पंचा टाकला. लाजल्यासारखं हसले.

"सांधे," म्हणाले.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, वय झालं की सांधे वाजतात. तू जरा त्यांच्या भिंतीपासून लांब राहा." मी माझी बोटं मोडून पाहिली. कडकड वाजली. आवंढा काही आला नाही.

५

जयसिंगला बातमी लागली असणार की दौलतरावांचं हत्यार चौकीत आहे. तो सकाळी अकराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला. एकटाच, पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. दौलतराव खाली गाडी पुसत होते.

"काका, ऐकलं खेळणं जमा केलंत?" जयसिंग म्हणाला. "बरं केलंत राव. आता कसं, शांतपणे बोलता येईल."

"माझं काय बोलणं न्हाई तुझ्याशी."

"पेढा तर घ्या. तुमच्या वयाच्या माणसाला बीपी बरं नव्हं." आणि त्यानं दौलतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

उजवा हात वर गेला. दौलतराव मागून आले, असंच मला दिसलं. आधी हात गेला आणि त्याच्यामागे ओढल्यासारखे ते गेले. मूठ जयसिंगच्या गालावर पडली आणि नारळ फुटल्याचा आवाज आला. तो खाली बसला. गाल उघडला होता, आतले दात बाहेरून दिसत होते. मग दुसरा, तिसरा, जबड्यावर, डोळ्याच्या खोबणीवर. फरशीच्या ठोकळ्यांवर दात पडले, पेढे पडले, सगळं रक्तात. जयसिंग ओरडायचा थांबला तरी हात थांबेना.

आणि दौलतराव रडवेल्या आवाजात म्हणत होते, "सोड. सोड रं. सोड मला."

जयसिंगचे दोन्ही हात जमिनीवर पसरलेले होते. त्यानं कुणालाच धरलं नव्हतं.

वॉचमन आणि दोघातिघांनी मिळून दौलतरावांना मागे ओढलं. जयसिंगला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी पोलीस आले. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की जखमा लोखंडी, कोनाच्या वस्तूच्या आहेत. पोलिसांनी फुटेज तीनदा पाहिलं. हात रिकामा. दौलतरावांनी चौकीचीच पावती त्यांना दाखवली. इन्स्पेक्टर पावतीकडे पाहत राहिले, मग त्यांच्या हाताकडे. चोरी पकडलेल्या पोरासारखा दौलतरावांनी तो पाठीमागे लपवला होता. नोटीस दिली आणि गेले. जबानी द्यायला जयसिंगला तोंडच उरलं नव्हतं.

मी गॅलरीत उभी होते. हातातली ओली चादर मी इतकी पिळली होती की शिवण उसवली.

६

निवडणूक झाली, निकाल लागला. जयसिंगची जबानी अजून झालेली नव्हती, म्हणून लायसनला कुणी हात लावला नव्हता. चौकीतून फोन आला की पावती घेऊन या, वस्तू घेऊन जा.

"उद्या आणू," दुर्गाबाई म्हणाल्या. आता त्यांच्या दोन्ही मनगटांवर वळ होते. "आली की सुटेन मी."

"वेड लागलंय का तुम्हाला? घरात आणायची ती वस्तू?"

"अगं, हाताला त्याचं काम पाहिजे. वस्तू व्हती तवा भिंतीला वाजवीत बसायचा, मला कदी बोट लावलं न्हाई. आता रिकामा हाय, म्हणून मला शोधतोय."

मला हे पटलं नाही. तुम्हाला पटलं असतं? जो माणूस रिकाम्या हातानं जबडा फोडतो त्याच्या हातात आपण भरलेलं रिव्हॉल्व्हर द्यायचं? मी शहाणी. सातवीपर्यंत का होईना शिकलेली. दुर्गाबाई चहा करायला वळल्या तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेली पावती मी काढली आणि ब्लाउजात घातली. पावती नाही तर वस्तू नाही. चार दिवस शोधतील, नवी काढायला अर्ज करतील, तोवर स्वराजला फोन करून बोलावून घेऊ. असा हिशेब.

घरी येऊन ती डाळीच्या डब्यात ठेवली. चांगलं काम केल्याचं समाधान वाटत होतं, ते सांगायला मला आज लाज वाटते.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडे आधी ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले. मग कपाट. मग स्टीलचे डबे एकामागून एक खाली पडले.

"दुर्गे, हितंच व्हती," दौलतरावांचा आवाज. "आठव बाई. लवकर आठव. मला धरवंना झालंय त्याला."

"मला न्हाई ठाऊक."

आवंढा. टक्. आणि काहीतरी मऊ भिंतीवर आदळलं. माझ्या बाजूचा मसाल्याचा रॅक हलला.

"आठव गं! पाया पडतो तुझ्या!"

"न्हाई ठाऊक, धनी. कुणी नेली न्हाई. मीच कुठंतरी टाकली."

पुन्हा भिंत हलली. पुन्हा. मी डाळीचा डबा उघडला होता, पावती हातात होती. आठ पावलांवर त्यांचं दार. सगळ्या बिल्डिंगच्या घरात न बोलावता जाणारी मी, त्या दिवशी ओट्याशीच उभी राहिले. मनाशी म्हणत होते, आता थांबेल. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मी गॅस बंद केला, कारण भात करपला असता. हे मी केलं. आधी गॅस बंद केला.

मग गेले.

दौलतरावांनी दार उघडलं. चेहरा घामानं आणि अश्रूंनी ओला. डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट मांडीशी दाबून धरलं होतं, नखं रुतून रक्त आलं होतं. मी पावती पुढे केली.

"माझ्याकडे होती," मी म्हणाले.

त्यांनी पावतीकडे पाहिलं. रागावले नाहीत. उजवा हात डाव्यातून सुटला आणि सावकाश पुढे आला, अगदी हळुवारपणे, देवळातून प्रसाद घ्यावा तसा. पावती तीन बोटांत धरली.

"तिला तुमच्याकडं न्या वहिनी," दौलतराव म्हणाले. "आन् मी कितीबी म्हटलं तरी उघडू नका." ते चपला न घालताच जिना उतरले.

८

दुर्गाबाई भिंतीशी बसल्या होत्या. जयसिंगसारखाच गाल उघडलेला. मी टॉवेल बांधला, उचलून आमच्या घरात आणलं, दोन्ही कड्या लावल्या. यांना फोन केला, पण त्या आठवड्यात यांची दुसरी शिफ्ट होती आणि कंपनीत मशीनपाशी फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. मग अँब्युलन्सला लावला. पोलिसांना लावणार, तोच दुर्गाबाईंनी माझं मनगट धरलं.

"पोलिसांकडनंच तर आणायला गेलाय," त्या टॉवेलातून म्हणाल्या. हसल्या की काय, कळलं नाही.

मी त्यांच्या पायाशी बसले. "दुर्गाबाई, पावती मीच..."

"ठावं हाय मला. ओट्यावरच्या चकचकीत ताटात दिसली तू, खोचून घेताना."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"सांगून काय, हिकडं पाठवायचा व्हता त्याला?"

आम्ही दोघी हॉलमध्ये जमिनीवर बसून राहिलो. पाऊण तास झाला, अँब्युलन्सचा पत्ता नव्हता. मग लिफ्ट आली. लिफ्टचं दार उघडलं आणि तिकडूनच, पॅसेजच्या पार त्या टोकाकडून, दौलतरावांचा आवाज आला. पूर्वीसारखा, हळू, मोकळा.

"दुर्गे! चल गं, जेवायला वाढ. भूक लागली."

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. "बघ, शांत झाला," त्या पुटपुटल्या. "मी म्हटलं व्हतं."

मला वाटलं, खरंच असेल. आवाज इतका चांगला होता. मी उठले, दाराशी गेले आणि पीपहोलला डोळा लावला.

समोर काळं होतं. ट्यूबलाइट गेली असेल, म्हटलं. मग दिसलं की काळ्याला कडा आहे. गोल, घासून चकचकीत झालेली कडा, काचेला अगदी चिकटून. कडेच्या आत खोल अंधार.

"दुर्गे," दौलतराव लिफ्टपाशी म्हणाले. दहाबारा पावलं लांब. पाऊल एकही वाजलं नव्हतं. "वहिनी, तिला पाठवा. मी हितंच उभा हाय. मी न्हाई येत पुढं."

माझा डोळा काचेवरून निघेना. दाराच्या पलीकडे, लाकडाला लागूनच, कुणीतरी सावकाश आवंढा गिळायला लागलं.

खांद्याला धक्का बसला. दुर्गाबाई केव्हा उठल्या, कशा उठल्या, मला कळलं नाही. एका हातानं त्यांनी मला भिंतीकडे लोटलं, दुसऱ्यानं गालावरचा टॉवेल नीट केला.

"सरक तू," त्या म्हणाल्या. "आता तरी दुसऱ्याच्या घरचं बघू नको."

आणि त्यांनी डोळा लावला.